ग्रॅनाइटवरची वीतभर माती: जोशुआ ट्रीच्या खडकाळ जमिनीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण कॅलिफोर्नियातली मराठी मंडळी थंडीच्या दिवसांत एकदा तरी जोशुआ ट्री नॅशनल पार्कला जाऊन येतात. आल्यावर मला फोटो पाठवतात आणि फोटोंखाली प्रश्न असतात. मी माती तपासण्याचं काम करते, आणि उद्यानाच्या आसपासच्या ग्रॅनाइटवर पुष्कळ खड्डे खणले आहेत. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अवघड नंतर. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागली, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. वाळवंट म्हटलं की वाळूच्या टेकड्या डोळ्यांसमोर येतात. इथे तर नुसते दगड. याला माती तरी म्हणायचं का?

म्हणायचंच. वाळूच्या टेकड्यांनी जगातल्या वाळवंटांचा थोडाच भाग व्यापलाय. बाकी सगळा कातळ, खडी आणि उथळ माती. जोशुआ ट्री उद्यान सुमारे ३,२०० चौरस किलोमीटरचं आहे. त्याच्या उंच भागात मोहावी वाळवंट आहे आणि पूर्वेच्या सखल भागात सोनोरन वाळवंटाचाच एक भाग असलेलं कोलोराडो वाळवंट. उद्यानात नाइस (gneiss) नावाचा जुना, पट्टेदार खडकही भरपूर आहे. पण हे पान ग्रॅनाइटच्या भागाबद्दल आहे: हिडन व्हॅली, जंबो रॉक्स, व्हाइट टँक. इथल्या खडकाला 'व्हाइट टँक मोन्झोग्रॅनाइट' म्हणतात. तो क्रिटेशस काळात, पृथ्वीवर डायनासोर असताना, जमिनीखाली खोलवर थिजला. त्याच्यावरची माती बहुतेक ठिकाणी वीत-दीड वीत. रंग फिकट, हाताला खरखरीत, अर्धी तर खडीच.

२. हातात घेतली तर जाड्याभरड्या रव्यासारखी लागते. अशी का?

कारण ग्रॅनाइट झिजत नाही, तो विसकटतो. त्याचे मुख्य घटक तीन: गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि काळा अभ्रक. यांतला अभ्रक सगळ्यांत कच्चा. त्याच्या पापुद्र्यांत ओल शिरली की त्यातलं लोह गंजतं, पापुद्रे फुगतात आणि शेजारच्या कणांना रेटतात. खडकाला आतून बारीक चिरा पडत जातात. शेवटी खडक दाणा-दाणा सुटा होतो, पण गारगोटी आणि फेल्डस्पारचे दाणे होते तेवढेच राहतात. म्हणून माती रवाळ.

फेल्डस्पारची चिकणमाती व्हायला भरपूर पाणी आणि भरपूर काळ लागतो. काळ इथे आहे. पाणी नाही. उद्यानाच्या उत्तरेला ट्वेंटीनाइन पाम्स गावात वर्षाचा पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर पडतो.

३. लाखो वर्षं खडक विसकटतोय, तर माती आतापर्यंत पुरुषभर खोल व्हायला हवी होती. गेली कुठे?

वाहून गेली. झाडोरा विरळ, म्हणून धरून ठेवणारी मुळं कमी. पाऊस कधीतरीच येतो, पण आला की ढगफुटीसारखा. उघड्या कातळावरून लोंढा उतरतो आणि सुटे दाणे खाली सपाटीवर नेऊन टाकतो. वर तयार होते तेवढी खाली जाते, म्हणून वर कायम पातळच.

तुम्ही ज्या गोल गोल शिळांचे फोटो काढता, त्यांची कहाणी हीच आहे. ग्रॅनाइटला आडव्या-उभ्या सांधरेषा होत्या. पूर्वी हवामान ओलं होतं तेव्हा जमिनीखाली त्या रेषांतून पाणी फिरलं, ठोकळ्यांचे कोपरे विसकटून गोल झाले आणि ठोकळ्यांमधल्या जागा भरड मुरमाने भरल्या. पुढे हवामान कोरडं झालं, लोंढ्यांनी मुरूम धुऊन नेला आणि गाभ्याच्या शिळा उघड्या पडल्या. तुम्ही चढता ती शिळा कधीकाळी जमिनीच्या पोटात होती.

४. खोली नक्की किती, आणि ती मोजता कशी?

डोंगरउतारावर आणि शिळांच्या मधल्या बेचक्यांत १० ते ५० सेंटिमीटर. पायथ्याकडे जसजसं सरकाल तसतशी वाढते, आणि दऱ्यांच्या मधल्या सपाटीवर गाळ कितीतरी मीटर खोल असतो. 'ग्रॅनाइटवरची माती उथळ' हे वाक्य त्या सपाटीला लागू नाही.

मोजताना फावडं लावायचं आणि ते कशावर अडतं ते बघायचं. टणकन आवाज येऊन हात झिणझिणला, तर खाली अखंड कातळ आहे. फावडं कष्टाने का होईना आत जात असेल आणि खडकाचे दाणे हाताने मोडत असतील, तर खाली मुरमाडलेला कातळ आहे. वरवर दोन्ही ठिकाणी माती सारखीच दिसते. झाडाच्या दृष्टीने दोन्ही जागा वेगळ्या आहेत. का, ते प्रश्न ८ मध्ये.

५. म्हणजे आपल्याकडची मुरमाड, हलकी जमीनच ना?

उथळपणात हो, स्वभावात नाही. महाराष्ट्राच्या बहुतेक भागातला मुरूम बसाल्टचा. बसाल्टमध्ये गारगोटी जवळजवळ नसतेच. त्यातली खनिजं लवकर कुजतात आणि फुगणारी चिकणमाती देतात. म्हणून आपली हलकी जमीनही पावसात पायाला चिकटते, आणि तीच खाली दरीत साचली की भारी काळी रेगूर होते, उन्हाळ्यात भेगाळते. जोशुआ ट्रीच्या मातीचा ओला लाडू वळायला घ्या, वळत नाही, मुठीतून निसटते. तिला भेगा पडत नाहीत, ती फुगत नाही, आणि तिची अन्नद्रव्यं धरून ठेवायची ताकद फार कमी असते. सामू (पीएच) साधारण ७ ते ८.

६. हंपीलाही अशाच शिळा आहेत, गोव्यात काणकोणकडेही ग्रॅनाइट आहे. तिथली माती अशी का नाही?

हा माझा आवडता प्रश्न. खडक एकच असला तरी पाऊस बदलला की माती बदलते, हे समजायला या तीन जागा पुरेत.

गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, शिवाय उष्मा. तिथे ग्रॅनाइटमधला फेल्डस्पार पार कुजून पांढरी चिनी माती होते, विरघळणारं सगळं निघून जातं, लोह मागे राहतं, म्हणून माती तांबडी आणि आम्लधर्मी. हंपीला पाऊस त्याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. शिळा जोशुआ ट्रीसारख्याच घडल्या आहेत, फक्त खडक कितीतरी पट जुना. मात्र मधल्या सपाटीवर तांबडी, पिकं देणारी माती आहे, कारण लोह गंजायला आणि थोडी चिकणमाती व्हायला तेवढं पाणी पुरतं. जोशुआ ट्रीला तेवढंही नाही, म्हणून मातीत अजून खडकाचाच रंग दिसतो.

भारतात याच्या जवळची जमीन बघायची असेल तर राजस्थानात जालोर आणि सिवाना भागातल्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर जा. थरच्या वाळूला लागून त्या उभ्या आहेत.

७. ही माती पाणी किती धरते?

हिशोब करूनच बघा. अशी भरड माती १० सेंटिमीटर खोलीला साधारण ७ मिलिमीटर उपलब्ध ओल धरते. ३० सेंटिमीटर खोलीला झाले २१. त्यातला ४० टक्के भाग खडी असेल तर तेवढं वजा करा, उरले १३ मिलिमीटरच्या आसपास. मीटरभर खोल काळी जमीन १५० ते २०० मिलिमीटर धरून बसते. मोहावीच्या उन्हाळ्यात हवा दिवसाला ८-१० मिलिमीटर पाणी सहज ओढून नेऊ शकते. कागदावर ही जमीन दोन दिवसांत कोरडी ठणठणीत व्हायला हवी.

तशी होत नाही. भरड मातीत पाणी पटकन खाली उतरतं, वरचे दोन बोटं सुकतात आणि सुकलेला थर झाकणासारखा बसतो. खालची ओल वर ओढली जात नाही. चिकणमातीत पाणी वरच अडतं आणि उडून जातं. आपल्याकडे शेतकरी हलक्या जमिनीला नावं ठेवतो आणि पाऊसमान असताना ते बरोबरच आहे. खऱ्या वाळवंटात हा हिशोब उलटतो: तिथे भरड जमीन झाडाला जास्त पाणी देते.

८. तरीही, वीतभर मातीत पाइनची झाडं कशी उभी राहतात? मुळं जातात कुठे?

खडकात. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

फावडं अडलं तिथे माती संपली असं आपण धरतो. झाड तसं धरत नाही. मुरमाडलेल्या ग्रॅनाइटमध्ये दाण्यादाण्यांमध्ये बारीक चिरा असतात. खडक जागच्या जागी असतो, त्याची मूळ ठेवणही ओळखू येते, पण तो पाणी पितो. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या डोंगरांवर झालेल्या अभ्यासांत असं दिसलंय, की उन्हाळ्यात वरची माती पूर्ण सुकल्यावरही झाडं कित्येक आठवडे खालच्या मुरमाडलेल्या खडकातलं पाणी वापरतात. तिथला मातीचा थर मीटरभरही नव्हता आणि मुरमाडलेला खडक कित्येक मीटर खोल होता. पाण्याचा खरा साठा त्या खडकात.

अखंड कातळ असेल तर झाड सांधरेषा शोधतं. मी एकदा रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत एक मूळ बघितलं. दोन ठोकळ्यांच्या फटीत ते पोळीसारखं चपटं झालं होतं, जाडी करंगळीएवढी, रुंदी तळहाताएवढी. फटीच्या दोन्ही बाजूंना खडकावर बारीक मुळांची जाळी. माझी टेप त्या दरडीच्या तळापर्यंत पुरली नाही.

पिन्यन पाइन, जुनिपर आणि बुटका ओक असे खडकात शिरून जगतात. जोशुआ वृक्षाची रीत वेगळी. तो खरं तर यका (Yucca) या प्रजातीतला, मुळं तंतूंसारखी, वरच्या थरात दूरवर पसरणारी. पडलेला पाऊस निसटायच्या आत तो टिपतो. म्हणून तुम्हाला तो शिळांच्या बेचक्यांपेक्षा सपाटीवर जास्त दिसतो.

९. शिळांच्या पायथ्याशी झाडी दाट आणि चार पावलांवर उजाड. सावलीमुळे का?

सावलीची मदत होते, पण मुख्य कारण पागोळी. १० मीटर लांब, १० मीटर रुंद उघड्या कातळावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर १,००० लिटर पाणी होतं. ते कातळात मुरत नाही, सगळं पायथ्याला उतरतं. पायथ्याच्या मातीला वर्षाचा पाऊस कित्येक पटींनी जास्त मिळतो. पूर्वीच्या गुरंवाल्यांनीही हेच ओळखलं होतं. कातळाच्या खोबणीत बांध घालून ते पाणी साठवायचे. त्या साठ्यांना ते 'टँक' म्हणायचे, आणि व्हाइट टँक हे नाव तिथूनच आलं. बार्कर डॅमही गुरांच्या पाण्यासाठीच बांधलेला.

१०. खणताना दगडांच्या खालच्या बाजूला पांढरं पुटं दिसलं. ग्रॅनाइटमध्ये चुना नसतो ना?

फार थोडा असतो. पुटं चुन्याचंच आहे, पण तो आला आहे वाऱ्यावरून. कोरड्या तळ्यांवरची धूळ वारा उचलतो आणि डोंगरावर टाकतो. पाऊस त्यातला चुना विरघळवून थोडा खाली नेतो, पण पाणी इतकं कमी की ते अर्ध्या वाटेतच संपतं. खड्याच्या खालच्या बाजूला शेवटचा थेंब सुकतो आणि तिथे चुना चिकटतो. हजारो वर्षांत आधी पातळ पुटं, मग जाड कवच, मग खड्यांमधल्या जागाही भरतात, आणि शेवटी सलग फरशी होते. तिला इथे 'कॅलिची' म्हणतात. उतारावर सहसा पहिलीच पायरी दिसते, कारण माती तिथे टिकत नाही. फरशी जुन्या, स्थिर सपाटीवर सापडते.

या मातीतला पुष्कळसा बारीक भाग असाच बाहेरून आलेला आहे. खडक भरड दाणे पुरवतो, वारा पीठ.

११. शिळांवरचा काळा-तपकिरी चकचकीत थर म्हणजे शेवाळ का?

नाही, ती वाळवंटी लाख, इंग्रजीत 'डेझर्ट व्हार्निश'. चिकणमाती, मँगॅनीज आणि लोहाची ऑक्साइडं यांचा केसाहूनही पातळ थर, साठायला हजारो वर्षं लागलेली. त्याचाही मालमसाला धुळीतूनच येतो, प्रश्न १० पाहा. त्यावर नाव कोरलेलं दिसलं की माझा जीव तुटतो.

१२. पायवाट सोडू नका असं फलकावर का लिहितात? नुसत्या वाळूवर चाललं तर काय बिघडतं?

ती नुसती वाळू नसते. वाकून बघा: पृष्ठभाग किंचित काळपट, फुगीर, खडबडीत दिसेल. ती जिवंत साय आहे. त्यात नील-हरित जिवाणू, दगडफूल आणि मॉस असतात. जिवाणूंचे चिकट धागे दाण्यांना शिवून ठेवतात, त्यामुळे वाऱ्याने माती उडत नाही. यांतले काही जीव हवेतला नत्र मातीत आणतात. प्रश्न ५ मध्ये म्हटलेल्या गरीब मातीला हा नत्र मोलाचा आहे. एका बुटाने साय मोडली की ती भरून यायला कित्येक वर्षं लागतात, दगडफूल आणि मॉस परत यायला कित्येक दशकं. मुलांना सोबत नेत असाल तर त्यांना पालथं झोपून भिंगातून ती बघू द्या, पण कातळावर किंवा वाटेवर झोपून.

१३. माती एवढी गरीब आहे, तर खत-कंपोस्ट टाकून सुधारता येणार नाही का?

तुमच्या अंगणातल्या वाफ्यात जरूर टाका, प्रश्न १४ पाहा. रानात नको, आणि त्याला कारण आहे. लॉस एंजेलिसच्या धुरातला नत्र वाऱ्याबरोबर इथवर येऊन जमिनीवर बसतो, म्हणजे नकळत खत पडतंच आहे. त्याचा फायदा मूळच्या झुडपांपेक्षा बाहेरून आलेल्या ब्रोमसारख्या वार्षिक गवतांना होतो. गवत झुडपांमधली मोकळी जागा भरतं, उन्हाळ्यात वाळतं आणि आग एका झुडपावरून दुसऱ्यावर नेतं. पूर्वी मधल्या उघड्या जमिनीमुळे आग आपोआप विझायची.

ऑगस्ट २०२० मध्ये मोहावी नॅशनल प्रिझर्व्हमधल्या सिमा डोमवर आग लागली. तोही ग्रॅनाइटचाच, उलट्या ताटासारखा पसरट घुमट. सुमारे ४३,००० एकर जळलं आणि अंदाजे १३ लाख जोशुआ वृक्ष गेले. ही माती गरीब होती म्हणूनच तिच्यावर हे रान टिकून होतं.

१४. उद्यानाजवळच्या यका व्हॅली गावात घर घेतलंय. कडीपत्ता, मोगरा, लिंबू लागेल का?

पहारीने फूटभर खणून आधी खाली काय आहे ते बघा. अखंड कातळ असेल तर उंच वाफा करा. मुरूम असेल तर पहारीने फोडून तिथेच लावा. खड्डा फक्त कंपोस्टने भरू नका, मुळं त्या कुंडीतच फिरत राहतात. चुन्यामुळे पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर तो लोहाचा अभाव आहे. पाणी ठिबकने, थोडं आणि पुन्हा पुन्हा, कारण माती धरत नाही.

कडीपत्त्याचं मात्र वेगळं. तिथे हिवाळ्यात रात्री पाणी गोठतं, म्हणून तो कुंडीत ठेवून घरात घ्यावा लागेल. शिवाय कडीपत्त्यावर लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी कीड राहते, त्यामुळे कॅलिफोर्नियात रोप एका भागातून दुसरीकडे नेण्यावर निर्बंध आहेत. नातेवाइकांकडून रोप आणण्याआधी राज्याच्या कृषी विभागाचे नियम बघा.

१५. खडकावर पाया भक्कम. मग प्लॉट घ्यायला हरकत नाही ना?

पायासाठी उत्तम, सांडपाण्यासाठी त्रासाचा. सेप्टिक टाकीतून निघणारं पाणी मातीतून हळूहळू गाळलं जायला हवं. वीतभर भरड मातीत गाळायला काही नाही, आणि सांधरेषेत शिरलं तर ते न गाळताच दूर जातं. माती खोल असली म्हणजे सुटलो असंही नाही. यका व्हॅलीच्या खोऱ्यात गाळ खोल आहे, तरी वर्षानुवर्षांच्या सेप्टिक टाक्यांमधला नायट्रेट भूजलात पोचला आणि अखेर गावाला मलवाहिन्यांची योजना करावी लागली. सौदा करण्याआधी पाझर चाचणी करून घ्या, आणि लोंढ्याची वाट प्लॉटमधून जात नाही ना, हे बघा.

१६. मृदाशास्त्रात हिचं नाव काय? एका अहवालात 'एंटिसॉल' आहे, दुसऱ्यात 'अॅरिडिसॉल'.

दोन्ही बरोबर असू शकतात. अमेरिकन वर्गीकरणात उथळ, स्वतःचे थर न बनलेल्या अशा मातीला 'लिथिक टॉरिऑर्थेंट' म्हणतात. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेच्या अहवालांतही हीच पद्धत असते. 'लिथिक' म्हणजे ५० सेंटिमीटरच्या आत अखंड कातळ, 'टॉरि' म्हणजे कोरडी, आणि 'ऑर्थेंट' हा एंटिसॉलचा पोटप्रकार. आकारमानाने ३५ टक्के किंवा जास्त खडी असेल तर पुढे 'स्केलेटल' लागतं. मात्र त्याच मातीत चुन्याचा किंवा चिकणमातीचा ठळक थर तयार झाला असेल, तर ती अॅरिडिसॉल.

एक खाचही आहे. कातळात मुळं शिरतील अशा फटी सरासरी १० सेंटिमीटरपेक्षा जवळ-जवळ असतील, तर तो कातळ 'लिथिक' धरत नाहीत. म्हणजे प्रश्न ८ मधली झाडाची बाजू वर्गीकरणानेही थोडी ऐकली आहे.

१७. एका बेचक्यात तांबडी, चिकट माती मिळाली. तुम्ही तर म्हणता इथे चिकणमाती होतच नाही!

आजच्या पावसात होत नाही. हिमयुगात इथे गारवा आणि ओल जास्त होती. तेव्हा तयार झालेली किंवा धुळीतून उतरून खाली साचलेली चिकणमाती ज्या कोपऱ्यांतून लोंढ्यांना नेता आली नाही, तिथे अजून आहे. अशा जागा थोड्या आहेत. सापडली तर त्या हवामानाची नोंदच तुमच्या हातात आहे.

१८. तिथली धूळ नाकात गेली तर आजार होतो म्हणे?

'व्हॅली फीव्हर' म्हणतात तो. अमेरिकेच्या नैऋत्य भागातल्या मातीत वाढणाऱ्या कॉक्सिडिऑइडिस बुरशीचे बीजाणू श्वासातून गेल्यास होतो. अॅरिझोनात आणि कॅलिफोर्नियाच्या 'सेंट्रल व्हॅली' या खोऱ्यात जास्त. माणसाकडून माणसाला लागत नाही. वारा सुटला असताना खणू नका, खणायचंच असेल तर माती ओली करून एन-९५ मास्क लावा. नंतर खोकला-ताप आठवड्यांनी हटेना, तर डॉक्टरांना वाळवंटात गेल्याचं आवर्जून सांगा.

१९. तुमच्यासाठी मूठभर माती पिशवीत घालून आणू का?

प्रेमाने विचारता, पण नको. नॅशनल पार्कमधून माती, दगड, वाळकं लाकूड, काहीही उचलणं बेकायदा आहे. मी कामासाठी खणते तेही परवाना घेऊन, आणि खड्डा थराच्या क्रमाने बुजवून. माती बघायचीच असेल तर रस्त्याकडेची कापलेली दरड गाठा. वर बोटभर धूळ, खाली खडीची माती, त्याखाली विसकटलेला ग्रॅनाइट आणि सगळ्यांत खाली सांधरेषांचा कातळ, सगळं एका नजरेत दिसतं. सकाळच्या तिरप्या उन्हात, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. तो पाठवा.